क्वार्टर पाडलं, पत्ता राहिला : भुसावळ-बऱ्हाणपूरचे चार दिवस

आम्ही क्वार्टरवाले. बाबा रेल्वेत गार्ड, मूळ गाव सांगलीकडचं पण तिथे आमचं काही उरलेलं नाही, माझा जन्म भुसावळचा आणि पहिली बावीस वर्षं तिथल्या रेल्वे कॉलनीत गेली. बाबा रिटायर झाले, किल्ली जमा केली, टेम्पो भरला आणि पुण्याला आलो. तेव्हापासून "सुट्टीत गावी जाते" हे मला कधी म्हणताच आलेलं नाही. ज्यांचं लहानपण क्वार्टरमध्ये गेलंय त्यांना हे बरोबर कळेल, बाकीच्यांना कितीही सांगितलं तरी थोडं राहूनच जातं.

डिसेंबरात खालाचा फोन आला. खाला म्हणजे क्वार्टरमधली आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, तिचे मिस्टर ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर ते लोक त्यांच्या मूळ गावी बऱ्हाणपूरला गेले. नातवाचं लग्न होतं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. "तुझी माय नाही आता, तं तू ये. पोरीला घेऊन ये. कारणं सांगू नको." कारणं सांगितली नाहीत. मी आणि अकरावीतली लेक, चार दिवस.

दिवस पहिला : भुसावळ आणि बामणोद

पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे भुसावळ. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. खान्देश म्हटलं की लोकांना फक्त मे महिन्यातलं ऊन आठवतं पण जानेवारीतली पहाट इथे हाडात शिरते, त्यामुळे येणाऱ्यांनी स्वेटर आणि कानटोपी बॅगेत तळाशी नाही तर वर ठेवायची. प्लॅटफॉर्मवर चहा घेतला आणि उजाडायची वाट बघत बसलो. लेकीला सांगितलं की इथून एक लाईन इटारसीकडे जाते आणि एक नागपूरकडे, म्हणून देशभरातली माणसं इथे बदली होऊन आली आणि त्यातली कित्येक इथलीच झाली.

उजाडल्यावर पंधरा बंगल्याकडून चालत कॉलनीत गेलो. आमची ओळ पाडलीये. मला कुणीतरी आधी सांगितलं होतं पण डोळ्यांनी बघणं वेगळं. जोत्याचे दगड होते, बाभळी माजलेल्या, आणि मागच्या अंगणातला कडुनिंब मात्र तसाच उभा. मी लेकीला उभं करून दाखवत गेले, हे आपलं स्वयंपाकघर, ही खालाची भिंत, समोर तमिळ अम्मा, पहाटे साडेचारला तिची फिल्टर कॉफी आणि आपल्याकडे बाबांचा डबा एकदमच सुरू व्हायचा. कोपऱ्यावर अँग्लो-इंडियन आंटी, नाताळात तिच्याकडून केक यायचा आणि दिवाळीत आपली ताटं आधी तिच्याकडे जायची कारण तिला शेव फार आवडायची. मागच्या ओळीत सरदारजी, बिहारी, मलयाळी नर्स. भाषा कुठली बोलायचो म्हणाल तर सगळ्या मिळून एक, ज्यात "काय करू राह्यला भो" पण होतं आणि "अय्यो" पण होतं.

लेक बराच वेळ गप्प उभी होती. मग तिने कडुनिंबाखालचा एक विटेचा तुकडा उचलून बॅगेत टाकला. मी काही विचारलं नाही.

दुपारी बामणोद. शाळेतली मैत्रीण तिथे दिलेली आहे, लेवा पाटलांचं मोठं शेतकरी घर. बामणोद ओळखलं जातं ते भरताच्या वांग्यांसाठी. पुण्यात जांभळं काळं वांगं भाजून भरीत करतात, इथे वांगं हिरवट पांढुरकं, लांब, बियांना कमी. मैत्रिणीच्या सासूबाईंनी शेतातच पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, कपाशीची वाळलेली झाडं म्हणजे पऱ्हाट्या, त्याच्या जाळावर वांगी ओळीने टाकायची, सालं काळी होऊन आतून पाणी सुटेपर्यंत. मग सोलून लाकडी बडगीत घालून लाकडी मुसळीने ठेचायचं. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सढळ तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या, कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. सासूबाई लेकीच्या पानात वाढत होत्या आणि विचारत होत्या, "कोनाची वं तू?" लेक म्हणाली पुण्याची. त्या म्हणाल्या, "गाव नी इचारलं. कोनाची?" मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, आपल्या गार्डबाबांची नात. "अस्सं," म्हणून त्यांनी आणखी दोन पुऱ्या टाकल्या.

भरीत खायला यायचं तर थंडीतच या, बाकीच्या दिवसांत ही चव सापडत नाही. आणि निघताना वांगी घेऊन निघा, तीन-चार दिवस सहज टिकतात. मी चार किलो बांधून घेतली, परतताना न्यायची म्हणून मैत्रिणीकडेच ठेवली.

दिवस दुसरा : सावदा, रावेर आणि खालाचं घर

भुसावळ ते बऱ्हाणपूर साधारण ५५ किलोमीटर, गाडीने तासभर. खिडकीची जागा सोडू नका कारण सावदा, निंभोरा, रावेर हा सगळा केळीचा पट्टा आहे, दोन्ही बाजूंनी नुसता हिरवा. डब्यात एक शेतकरी होते, ते सांगत होते की थंडी फार वाढली की केळीची वाढ थांबते, घड अडकून राहतो, म्हणून रात्री शेताच्या कडेने धूर करतात. रावेर गेलं की थोड्याच वेळात राज्य बदलतं. पाट्या हिंदी होतात. जमीन तीच, केळी तीच, शेतकऱ्यांचं बोलणं तेच.

बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण ते खान्देशातून वजा करतो पण खान्देश या मुलखाची राजधानीच मुळात ही. फारुकी सुलतान आधी तापीकाठी थाळनेरला होते, आपल्या शिरपूरजवळ, मग नसीर खान फारुकीने १४०० च्या सुमारास हे शहर वसवलं आणि नाव दिलं खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. पलीकडच्या काठावर जैनाबाद, ते त्यांच्याच परंपरेतल्या जैनुद्दीन यांच्या नावाने. पुढे मुघल, मराठे, इंग्रज आले आणि इंग्रजांच्या काळात धुळे-जळगावचा खान्देश मुंबईकडे, बऱ्हाणपूर मध्य प्रांताकडे गेलं. कागदावर गेलं, असं मी म्हणेन.

स्टेशन लालबागला आहे, मूळ शहर तिथून लांब. रिक्षा सहज मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. रिक्षावाल्याशी मी हिंदीत सुरुवात केली तर तो म्हणाला, "मराठी बोला ना ताई, आमचं अर्धं गाव जळगावकडे दिलेलं आहे."

खाला दारातच खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, गुडघे गेलेत. मला बघून उठायला लागली, मी धावत जाऊन बसवलं तर माझे दोन्ही हात धरून नुसतीच बघत राहिली, मग म्हणाली, "माय वं, तू तं तुझ्या मायसारखी दिसू राह्यली." आणि आम्ही दोघी रडलो. लग्नघर होतं, आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं, कुणाला काही विचित्र वाटलं नाही, एकीने पाणी आणून दिलं.

तिच्या घरातले लोक विणकर. तिच्या आजोबांचे वडील १८५७ नंतर उत्तरेकडून आले असं ती सांगते, इथल्या मोमीन-अन्सारी मोहल्ल्यांत बऱ्याच घरांची हीच गोष्ट आहे. आता पॉवरलूम. रात्रभर खटखट चालू असते, पहिल्या रात्री लेकीला झोप येईना, मला मात्र लगेच लागली, कारण मी लहानपणी गाड्यांच्या शंटिंगच्या आवाजात झोपायचे.

संध्याकाळी हळद होती. बायका ढोलकीवर हिंदी-उर्दू मिसळून गाणी म्हणत होत्या आणि मधेच खालाने जाहीर केलं की आता हिच्या आईचं गाणं होणार. आई कॉलनीतल्या प्रत्येक हळदीला तेच एक गाणं म्हणायची, खालाच्या दोन्ही मुलींच्या हळदीला पण. मला तीन कडवी आठवली, चौथं आठवेना. खालाने ते म्हटलं. मराठीत, चालीवर, एकही शब्द न चुकता.

नंतर अंगणात बसून ९२ च्या डिसेंबरचा, बाबरीनंतरच्या तणावाचा विषय निघाला. मी चौदा वर्षांची होते. बाबा आणि खालाचे मिस्टर दोघेही ड्युटीवर अडकलेले, गाड्या कुठे थांबतील पत्ता नाही. त्या चार रात्री खाला मुलांना घेऊन आमच्या खोलीत झोपली आणि अम्मा, आंटी, सरदारजींची बायको आळीपाळीने ओसरीवर जागल्या. कुणी मोठं भाषण केलं नव्हतं. अम्माने फक्त थर्मास भरून ठेवला होता. खालाचा मुलगा म्हणाला की इथे पण तणाव झालेत, दुकानं बंद पडलेली बघितलीत, तसं काही नाहीच असं सांगितलं तर खोटं होईल. पण लूमला सूत देणारा वेगळा, कापड घेणारा सिंधी, रंग देणारा आणखी वेगळा, दुसऱ्या दिवशी एकमेकांचं तोंड बघावंच लागतं, आणि बघितलं की बोलणं सुरू होतं.

दिवस तिसरा : जामा मशीद आणि मांडे

सकाळी सात वाजता खालाच्या मोठ्या नातीने आम्हाला गांधी चौकात नेलं. आधी मावा जिलेबी. खव्याची, जाडजूड, काळपट तपकिरी, आपल्या कुरकुरीत जिलेबीसारखी अजिबात नाही. गरमच खायची आणि एकच घ्यायची, दुसरी अर्धी राहते.

मग जामा मशीद. काळा दगड, पंधरा कमानी, दोन उंच मिनार. खान्देशचा सुलतान आदिल शाह फारुकी, ज्याला राजे अली खान म्हणतात, त्याने ती बांधली, १५९० मध्ये. मला इथे एकच गोष्ट बघायची होती. नमाजाची वेळ नव्हती, तिथल्या म्हाताऱ्या खादिमांना विचारलं तर ते स्वतः उठून आत घेऊन गेले आणि भिंतीकडे बोट केलं. अरबी लेख आहे आणि त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख. लेकीने दहावीला संस्कृत घेतलं होतं. ती जवळ जाऊन अक्षरं लावायला लागली, सुरुवातीलाच सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार, मग फारुकी घराण्याची वंशावळ, आणि तारीख देताना संवत १६४६, शके १५११, हिजरी सन पण. म्हणजे बांधणाऱ्याने प्रत्येकाच्या पंचांगाचा विचार केला होता. "आई, शके म्हणजे आपल्या कालनिर्णयवर असतं तेच ना?" तेच. खादिम हसले आणि म्हणाले, बेटी फरफर पढती है, हमसे तो ये नहीं होता. मग ती त्यांना ओळ ओळ वाचून दाखवत बसली आणि ते तिला अरबी लेखाचा अर्थ सांगत बसले, मी मागे खांबाला टेकून उभी राहिले. आम्हाला तिथून निघायला तासभर उशीर झाला. असाच संस्कृत लेख असीरगडावरच्या मशिदीत पण आहे, त्याच सुलतानाचा.

मशिदीत जाताना डोकं झाकायला ओढणी ठेवा आणि शुक्रवारची दुपार टाळा.

दुपारी लग्न. घरामागच्या गल्लीत मांडेवाले बसले होते. आता खान्देशी माणसाला मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी, आमरसाबरोबरची. बऱ्हाणपूरचा मांडा वेगळा, त्यात पुरण नाही. कणकेचा गोळा हातावर थापत, फिरवत, हवेत उडवत धोतराएवढा पातळ करतात आणि उलट्या कढईवर टाकतात. पण ती हातावर फिरवत मोठी करायची रीत आणि उपडं भांडं, हे हुबेहूब आपल्याकडचं. मी मांडेवाल्यांना सांगितलं की आमच्याकडे यात पुरण भरतात, बायका करतात, तर ते थांबले आणि विचारलं, "भरून पण फाटत नाही?" नाही फाटत म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, "उन हाथों को सलाम."

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक होता, वेगळा आचारी, वेगळी चूल, नवी भांडी. खालाने स्वतः काठी टेकत येऊन मला दाखवलं, मी म्हटलं अगं मला चालतं, एवढं कशाला. ती म्हणाली, "तुला चालतं. तुझ्या मायला नसतं चाललं."

जेवणानंतर आहेर लिहायला गेले. टेबलावर वही घेऊन एक तरुण मुलगा बसला होता. नाव विचारलं, सांगितलं. गाव? मी थांबले. खरंच थांबले, पुणे म्हणायला तोंड उघडलं आणि निघेना. मागे खाला खुर्चीवर होती. तिने तिथूनच आवाज दिला, आमचा क्वार्टर नंबर, पूर्ण, ब्लॉकसकट, रेल्वे कॉलनी, भुसावळ. मुलाने तसाच लिहून घेतला. जोत्याचे दगड आणि बाभळी परवा सकाळीच बघून आले होते मी. पत्ता वहीत बसला, माझ्या वरच्या ओळीत खंडवा आणि खालच्या ओळीत मालेगाव.

दिवस चौथा : कुंडी भंडारा, राजघाट आणि डबा

सकाळी कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात केलेली पाण्याची सोय. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलंय आणि वर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. पंप नाही, रहाट नाही, फक्त उताराने पाणी शहराकडे येतं. आत उतरायला लिफ्ट आहे, साधारण ८० फूट खाली, पण ती चालू आहे का हे निघायच्या आधी चौकशी करून घ्या, आम्हाला नशिबाने चालू मिळाली. खाली घोट्याच्या वर पाणी, स्वच्छ, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. चपला वरच ठेवा, कॅमेरा गळ्यात अडकवा.

मग राजघाट. तापीच्या पात्रात दगडी हत्ती आहे, तो बघितला. समोर जैनाबाद, मुमताज १६३१ मध्ये याच शहरात गेली आणि ताजमहालाच्या आधी काही महिने तिची कबर पलीकडच्या काठावर होती. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगकाम अजून दिसतं. बडी संगत गुरुद्वाऱ्यात गेलो, गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते. सेवादाराने विचारलं कुठून आलात, भुसावळ म्हटल्यावर "अपने ही हो" म्हणून लंगरात पंगतीला बसवलं. दर्गाह-ए-हकीमी बोहरा समाजाची, पांढरीशुभ्र आणि कमालीची स्वच्छ, तिथे सुरतेहून आलेल्या एका आजींनी लेकीला जवळ बसवून दुवा शिकवली. कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर आणि असीरगड राहून गेले. असीरगड खंडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर आहे, त्याला पूर्ण अर्धा दिवस द्या, आमच्यासारखं शेवटच्या दिवशी कोंबायला जाऊ नका.

निघताना खालाने एक स्टीलचा डबा पुढे केला. झाकणावर ठोकलेली अक्षरं, "सौ." पासून सुरू होणारं आईचं नाव आणि १९८६. आमचा डबा! क्वार्टर सोडताना कसलीतरी भाजी घालून आईने तो शेवटचा तिच्याकडे पाठवलेला आणि परत द्यायचं राहून गेलं. त्यांच्यात आणि आमच्यात डबा रिकामा कधी फिरला नाही, म्हणून ती म्हणाली की इतकी वर्षं मी भरून द्यायची वाट बघत होते. आत दराबा होता, रवा, तूप आणि साखर फेटून फेटून केलेला पांढरा, तोंडात विरघळणारा. वर कापडात गुंडाळलेले चार मांडे.

भुसावळ स्टेशनवर मैत्रीण वांगी घेऊन उभी होती. पुण्यात दुसऱ्या दिवशी भरीत केलं, गॅसवर, पऱ्हाटीच्या धुराशिवाय, आणि वाळलेल्या मांड्यावर पाणी शिंपडून उपड्या कढईवर गरम केला. लेकीने व्हिडिओ कॉल लावला. खालाने भरीत जवळ आणायला लावलं, नीट बघितलं आणि विचारलं, "पात टाकली ना?"

संक्रांत चार दिवसांवर होती. डबा घासला, तिळाचे लाडू भरले. मैत्रिणीचा दीर पुण्यात आला होता त्याच्या हातून बामणोद, तिथून सावद्याच्या एका केळीवाल्याच्या गाडीतून बऱ्हाणपूर. पोचायला नऊ दिवस लागले.